आकाशात दिसलं, पण सांगायचं कोणाला? अज्ञात हवाई घटना आणि सरकारी नोंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेणाऱ्या आम्हा हौशी मंडळींकडे वर्षभर प्रश्न येत असतात. ग्रहताऱ्यांवरचे कमी, आणि ‘काल रात्री आमच्या गच्चीवरून जे गेलं ते काय होतं, आणि सरकार काही सांगत का नाही’ या जातीचे जास्त. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यूएपी म्हणजे उडत्या तबकड्याच ना? नाव बदललं एवढंच?

पूर्वी यूएफओ (अज्ञात उडती वस्तू) म्हणत, आता सरकारी कागदांत यूएपी (अज्ञात असामान्य घटना) म्हणतात. अमेरिकेच्या २०२२ अखेरच्या कायद्याने त्यात हवेबरोबर अवकाशातल्या, पाण्याखालच्या आणि एका माध्यमातून दुसऱ्यात शिरणाऱ्या वस्तूही घेतल्या. ‘अज्ञात’चा अर्थ इतकाच की हाती असलेल्या माहितीवरून ती वस्तू ओळखता आली नाही. परग्रहाचा त्यात उल्लेखही नाही.

२. मग सरकारांनी यात डोकं घालायचं कारण काय? दुसरी कामं नाहीत का?

दोन कारणं आहेत, आणि दोन्ही अगदी जमिनीवरची. पहिलं, विमानांची सुरक्षितता: वैमानिकाच्या वाटेत आलेली वस्तू फुगा आहे की ड्रोन, हे कळायलाच हवं. दुसरं, हेरगिरी.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसऱ्या कारणाचा चांगलाच प्रत्यय आला. चीनचा एक मोठा फुगा अमेरिकाभर फिरला आणि ४ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ पाडला गेला. मग रडारची चाळणी बारीक केली, तर १० ते १२ फेब्रुवारी या तीन दिवसांत आणखी तीन वस्तू दिसल्या आणि त्याही पाडल्या. पुढे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनीच सांगितलं की त्या बहुधा खासगी किंवा संशोधनाच्या फुग्यांसारख्या काहीतरी असाव्यात. तात्पर्य, आकाशात आधीही बरंच काही होतं, बघणारे तेवढे नव्हते.

३. भारतात यासाठी कोणतं खातं आहे? इस्रो की वायुसेना?

स्वतंत्र खातं नाही. वस्तू कुठे आहे आणि काय असू शकते, त्यावरून काम वाटलं जातं. विमानांच्या वाटेत काही दिसलं तर वैमानिक एअर ट्रॅफिक कंट्रोलला कळवतो, आणि एटीसी वायुसेनेशी संपर्कात असतंच. विमान कंपन्यांच्या सुरक्षाविषयक घटनांच्या नोंदी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे जातात. संरक्षणाचा संशय आला की मामला वायुसेनेच्या हवाई संरक्षण यंत्रणेकडे. जमिनीवर काही पडलं तर पोलीस आणि तहसीलदार. ते अवकाशातून आलेलं दिसलं तर इस्रो. तिथे अवकाशातल्या कचऱ्यावर नजर ठेवायला २०२२ पासून बंगळुरूला वेगळं केंद्र आहे. आणि ड्रोन असेल तर पुन्हा पोलीस.

यात कोणी काम करत नाही असं नाही. अडचण अशी की प्रत्येकाची फाइल वेगळी. वर्धेचा फोन, अकोल्याचा व्हिडिओ आणि नागपूर विमानतळाच्या टॉवरची नोंद एका टेबलावर येतील अशी जागाच नाही. परग्रहवासीयांसाठी खातं काढा असं आम्ही म्हणत नाही, तशी गरजही दिसत नाही. पण एक नोंदवही, तीही लोकांना वाचता येईल अशी, एवढं मागायला हरकत नसावी.

४. काऊन जी, त्या गुढीपाडव्याच्या रात्री जे जळत जळत गेलं, ते नेमकं होतं तरी काय?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. २ एप्रिल २०२२, शनिवार, पाडवा. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास विदर्भात ठिकठिकाणी लोकांनी आकाशात प्रकाशाचे पट्टे सरकताना पाहिले. नागपूर, अकोला, बुलढाणा, पार जळगावपर्यंत. सण असल्याने लोक बाहेरच होते, त्यामुळे व्हिडिओंचा पाऊस पडला. कोणी उल्का म्हटलं, कोणी मिसाईल, कोणी विमान कोसळलं म्हणून फोन लावले.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाच्या मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. वजन चाळीस किलोच्या आसपास. जवळच्या पवनपारच्या शिवारात एक काळसर गोळा सापडला. आणखीही तुकडे मिळाले, पोलिसांनी ते ताब्यात घेतले, पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. उपग्रह आणि रॉकेटांचा हिशेब ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तेव्हाच सांगितलं की हा बहुधा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, वातावरणात परत शिरताना फुटलेला.

उल्का आणि हे, यांतला फरक डोळ्यांनी कळतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुतेक वेळा ‘अरे ते बघ’ म्हणेपर्यंत संपते. कक्षेतून खाली येणारा कचरा सात-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवा सरकत येतो. म्हणून तो मिनिटभर किंवा त्याहून जास्त दिसतो, त्याचे तुकडे एकामागे एक रांगेत चालतात. पाडव्याचे व्हिडिओ पुन्हा काढून पाहा, हेच दिसेल. कड्याचं आणि गोळ्याचं कायद्याने काय होतं, त्यासाठी प्रश्न १४.

५. नागपुरातून लोकांना ‘अज्ञात’ म्हणून सगळ्यात जास्त काय दिसतं?

पश्चिमेला संध्याकाळी शुक्र. दरवेळी. त्याखालोखाल स्टारलिंकचे उपग्रह: नवे सोडल्यावर काही दिवस ते मण्यांच्या माळेसारखे ओळीने जातात. मग विमानं. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-कोलकाता या वाटा आपल्या डोक्यावरच छेदतात, आणि सोनेगाव विमानतळावर उतरणारं विमान दिवे लावून सरळ तुमच्या दिशेने येत असेल तर कितीतरी वेळ जागेवर थांबल्यासारखं दिसतं.

फुग्यांचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. सोनेगावच्या हवामान कार्यालयातून पहाटे आणि संध्याकाळी, साडेपाचच्या निरीक्षणासाठी, हायड्रोजन भरलेला फुगा सोडतात. त्याला एक छोटी पांढरी पेटी लटकवलेली असते, ती तापमान, आर्द्रता आणि वारा यांची माहिती खाली पाठवते. फुगा मिनिटाला सुमारे तीनशे मीटर चढतो, वर हवा विरळ होत जाते तसा फुगत जातो आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो. हिवाळ्यात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. खाली अंधारायला लागलेलं असतं, तेव्हा वर फुग्यावर अजून ऊन असतं. मग एक पांढरा ठिपका हलत नाही, लुकलुकत नाही, आणि अचानक नाहीसा होतो. ‘गायब झाला’ असं जे कळवलं जातं ते बऱ्याचदा हेच: एकतर फुटला, नाहीतर पृथ्वीच्या सावलीत गेला.

दुसरे फुगे हैदराबादचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं तिथे फुग्यांचं केंद्र आहे. ते फुगे पातळ पॉलिथिनचे आणि प्रचंड मोठे असतात, तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर तासन्तास तरंगतात. उपकरणं पॅराशूटने उतरतात, कधी महाराष्ट्राच्या शिवारातही. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात अशीच एक कुपी उतरली आणि गावकऱ्यांनी तिला यूएफओ ठरवलं. एका स्पॅनिश कंपनीची ती चाचणी होती.

६. मला काही दिसलं तर फोन कोणाला लावू?

नुसतं दिव्यासारखं काही दिसलं, धोका काही नाही, तर कोणालाच लगेच फोन करू नका. प्रश्न ७ प्रमाणे नोंद करा, ओळख पटवायची तर रामन विज्ञान केंद्रात तारांगण आहे, तिथे विचारा.

काही जमिनीवर पडलं, आग लागली, विमानतळाजवळ ड्रोन घिरट्या घालतोय असं दिसलं, तर ११२. थेट विमानतळाच्या चौकशी खिडकीवर फोन करून उपयोग होत नाही, तिथे फ्लाइटची वेळ सांगतात. पोलिसांमार्फत गेलेला निरोप टॉवरपर्यंत पोचतो आणि त्याची नोंदही राहते. ही नोंद पुढे माहिती अधिकारात कामाला येते (प्रश्न १३).

७. नोंद करायची म्हणजे काय लिहायचं? व्हिडिओ पाठवला की झालं ना?

व्हिडिओ असेल तर उत्तमच, पण काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका हलतोय यावरून कोणालाच काही सांगता येत नाही. चित्रात विजेचा खांब, पाण्याची टाकी, शेजारच्या इमारतीची कड, असं काहीतरी स्थिर येऊ द्या. मग ठिपका हलला की तुमचा हात, हे कळतं. झूम करू नका. फोकस सुटला की तारासुद्धा चकचकीत गोळा होतो, आणि त्या ‘तबकडी’चे दहा फोटो आम्हाला येतात.

वेळ मोबाईलमधली, मिनिटासकट. दिशा ठिकाणावरून सांगा: ‘फुटाळ्याच्या काठावर, तलावाकडे तोंड करून उभा, डाव्या हाताला’ हे ‘वायव्येला’पेक्षा बरं, कारण दिशा सांगताना निम्मे लोक चुकतात. उंचीचे फूट सांगू नका, अंधारात तो अंदाज कोणालाच येत नाही. हात ताठ धरून मूठ मोजा: एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. क्षितिजापासून किती मुठी वर, एवढं पुरे.

आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मूळ फाइल फोनमधून पुसू नका.

८. इंफाळला विमानतळ बंद केला होता ना? म्हणजे सरकारने मान्य केलंच की!

काहीतरी दिसलं हे मान्य केलं, यापलीकडे काही नाही. १९ नोव्हेंबर २०२३ च्या दुपारी इंफाळ विमानतळाजवळ एक उडती वस्तू दिसली. सुमारे तीन तास हवाई हद्द बंद ठेवली, काही विमानं वळवली, काही थांबवली. वायुसेनेने हवाई संरक्षण यंत्रणा कामाला लावली, राफेल विमानं शोधाला गेली. पुढे वायुसेनेच्या पूर्व कमांडनेच जाहीर केलं की ती लहान वस्तू नंतर दिसली नाही.

कार्यपद्धती म्हणून हे योग्यच झालं: आधी प्रवासी सुरक्षित, मग शोध. खटकतं ते पुढचं. ती वस्तू काय असावी, याचा अहवाल लोकांपुढे आला नाही. मणिपुरातली तेव्हाची परिस्थिती पाहता ड्रोनची शंका पहिली यावी, पण शंका म्हणजे निष्कर्ष नव्हे.

९. लडाखमध्ये सैनिकांनी शेकडो तबकड्या पाहिल्या होत्या, हे खरं का?

पाहिलं हे खरं, तबकड्या नव्हत्या. सीमेवरच्या जवानांनी ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात ३२९ वेळा प्रकाशमान वस्तू दिसल्याची नोंद केली, त्यांतल्या १५५ वेळा ती सीमारेषा ओलांडून आली असं लिहिलं. चिनी टेहळणी ड्रोन असावेत असा संशय होता. मग भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं. दोन वस्तू निघाल्या: गुरू आणि शुक्र.

हसू नका. तिथली हवा इतकी स्वच्छ की ग्रह नेहमीपेक्षा फार तेजस्वी दिसतात. आणि या जवानांनी काम चोख केलं होतं: प्रत्येक वेळी तारीख, वेळ, जागा लिहिली. म्हणून तर उलगडा झाला. आमच्या मते नोंदीचं भारतातलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

१०. अमेरिकेत हे काम नेमकं कोण बघतं?

संरक्षण खात्याचं ‘आरो’ हे कार्यालय, जुलै २०२२ मध्ये स्थापन झालेलं. त्याला दरवर्षी संसदेला अहवाल द्यावा लागतो, कायद्याने. त्याआधीचा इतिहास लांब आहे: वायुसेनेच्या ‘ब्लू बुक’ प्रकल्पाने १९४७ ते १९६९ या काळातल्या १२,६१८ घटना तपासल्या, त्यांतल्या ७०१ उलगडल्या नाहीत. मग कित्येक वर्षं अधिकृत शांतता. २०१७ मध्ये वर्तमानपत्रांतून एक जुना, फारसा माहीत नसलेला संरक्षण कार्यक्रम बाहेर आला, २०२० मध्ये नौदलाच्या वैमानिकांचे तीन व्हिडिओ पेंटागॉनने अधिकृतपणे प्रसिद्ध केले, आणि संसदेने पाठपुरावा सुरू केला. नासानेही स्वतंत्र अभ्यासगट नेमला होता. सप्टेंबर २०२३ च्या त्याच्या अहवालाचा रोख एकच: विदा (डेटा) निकृष्ट आहे, आधी तो सुधारा.

‘आरो’कडे सामान्य माणूस अर्ज करू शकत नाही. त्यांचा अर्ज अमेरिकी सरकारच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांसाठी आणि कंत्राटदारांसाठी आहे. नागपुरातून तिथे व्हिडिओ पाठवण्यात वेळ घालवू नका.

११. अमेरिकेकडे दीड हजारावर अज्ञात वस्तूंच्या नोंदी आहेत म्हणे. एवढ्या सगळ्या अज्ञात?

आकडा बरोबर, अर्थ चुकीचा. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ‘आरो’कडे १,६५२ नोंदी जमल्या होत्या. नोंद आली म्हणजे वस्तू अज्ञात राहिली, असं नाही. नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात नव्याने आलेल्या ७५७ नोंदींचा हिशेब आहे. ज्यांचा निकाल लागला ते फुगे, पक्षी, ड्रोन, उपग्रह असलंच निघालं. ४४४ नोंदींत तपास करावा इतकी माहितीच नव्हती, त्या बाजूला ठेवल्या. खरोखर विचित्र, अधिक तपास करावा अशा निघाल्या २१.

बातमीत मथळा पहिल्या आकड्याचा होतो आणि माणसाला कुतूहल असायला हवं शेवटच्या आकड्याचं. मधल्या ४४४ चं आम्हाला सगळ्यात वाईट वाटतं. त्यांत काय होतं हे आता कधीच कळणार नाही, आणि ते कोणी लपवल्यामुळे नव्हे.

१२. पण त्या माजी अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं ना, की सरकारकडे परग्रहावरची यानं आहेत?

सांगितलं. २६ जुलै २०२३ च्या अमेरिकी संसदेतल्या सुनावणीत वायुसेनेचे माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी सांगितलं की कोसळलेल्या यानांवर गुप्त कार्यक्रम चालतो अशी माहिती त्यांना मिळाली. शब्द नीट ऐका: त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं, इतरांनी सांगितलेलं ते सांगत होते. त्याच सुनावणीत रायन ग्रेव्हज आणि डेव्हिड फ्रेव्हर या नौदलाच्या माजी वैमानिकांनी स्वानुभव सांगितले, आणि त्यांचं वजन आम्ही जास्त धरतो. मार्च २०२४ च्या इतिहासविषयक अहवालात ‘आरो’ने असा कार्यक्रम असल्याचा पुरावा मिळाला नाही असं लिहिलं. ‘त्यांचा अहवाल त्यांनीच लिहिला’ हा आक्षेप गैर नाही. म्हणूनच २०२३ च्या अखेरीस कायदा करून सगळ्या खात्यांना आपल्या जुन्या फायली राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायला सांगितलं आहे.

फायली लोकांपुढे ठेवण्यात फ्रान्स पुढे आहे. तिथे अवकाश संस्थेतलंच एक छोटं कार्यालय १९७७ पासून हे काम करतं, आणि प्रकरणांचे चार वर्ग करतं. ‘माहिती अपुरी’ हा एक वर्ग आणि ‘माहिती पुरेशी, तरी उकल नाही’ हा दुसरा. हा भेद केला की अर्धा गोंधळ मिटतो. ब्रिटनने मात्र आपलं टेबल २००९ मध्ये बंद केलं आणि जुनी कागदपत्रं खुली करून टाकली.

१३. माहिती अधिकारात विचारलं तर मिळेल का?

कसं विचारता यावर आहे. ‘पाडव्याला आकाशात काय होतं?’ असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही, कारण या कायद्यात मत मागता येत नाही, असलेला कागद मागता येतो. ‘२ एप्रिल २०२२ रोजी सिंदेवाही तालुक्यात सापडलेल्या वस्तूंच्या पंचनाम्याची आणि त्याबाबतच्या पत्रव्यवहाराची प्रत द्यावी’ असं लिहा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या कार्यालयाकडे अर्ज करताना मजकूर १५० शब्दांत आणि विषय एकच ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

आता अडथळे. देशाच्या सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती कलम ८(१)(अ) खाली नाकारता येते. डीआरडीओ आणि भारत-तिबेट सीमा पोलीस यांना तर कलम २४ खाली जवळजवळ पूर्ण सूट आहे, तिथे भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचा प्रश्न असेल तरच दार उघडतं. वायुसेना त्या यादीत नाही, अर्ज करता येतो, पण ८(१)(अ) ची तयारी ठेवा. इस्रोही यादीत नाही. पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे. दुसरं अपील राज्याच्या कार्यालयासाठी माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे, केंद्राच्या कार्यालयासाठी दिल्लीला.

१४. माझ्या वावरात आभाळातून काही पडलं. भंगारात विकलं तर चालेल? आणि पिकाची भरपाई कोण देईल?

विकू नका, आणि आधी हातच लावू नका. रॉकेटच्या गोल टाक्या दाबाखालच्या असतात, काहींत हायड्रॅझिन नावाचं विषारी इंधन असतं. लांब उभं राहा, लेकरं आणि जनावरं दूर ठेवा, ११२ ला सांगा.

वस्तू तुमच्या वावरात पडली तरी ती तुमची होत नाही. १९६७ च्या अवकाश करारानुसार पृथ्वीवर परत आल्याने मालकी बदलत नाही, ती सोडणाऱ्या देशाकडेच राहते. १९६८ च्या करारानुसार ज्या देशात सापडली त्याने तिची खबर सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना द्यायची असते.

भरपाईचा १९७२ चा करार वेगळा: जमिनीवर नुकसान झालं तर सोडणारा देश चूक नसली तरी जबाबदार. पण दावा शेतकऱ्याने नव्हे, सरकारने करायचा, तोही सर्वसाधारणपणे एका वर्षात. म्हणून तलाठ्याकडून नुकसानीचा पंचनामा त्याच आठवड्यात करून घ्या. हे करार कागदावरच असतात असं समजू नका. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, आणि १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनेडियन डॉलर मोजले.

हवामान खात्याची पेटी (प्रश्न ५) मात्र यात येत नाही. ती निरुपद्रवी असते, तिच्यावर कार्यालयाचं नाव असतं.

१५. लग्नाच्या ड्रोनची तक्रार कोणी ‘अज्ञात वस्तू’ म्हणून केली तर अडकू का?

परवानगी नसेल तर हो. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपेक्षा उंच उडवायला परवानगी लागते. सोनेगाव शहराला लागून असल्याने नागपूरचा मोठा भाग या वर्तुळात येतो, हे बऱ्याच व्हिडिओवाल्यांना माहीतच नसतं. बुकिंगआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोन नकाशावर मंगल कार्यालयाची जागा तपासायला सांगा.

दुसरी बाजू: वायुसेनानगर किंवा सोनेगावच्या तळाकडे कॅमेरा रोखून ‘पुरावा’ गोळा करू नका. संरक्षण ठिकाणांच्या चित्रणाला १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागतो. आपल्या गच्चीवरून आकाश टिपा, कुंपण नको.

१६. मी विमानात होतो आणि खिडकीतून काहीतरी दिसलं. हे कोणत्या राज्यात कळवायचं?

राज्याचा प्रश्न येत नाही. लगेच केबिन क्रूला सांगा, ते कॅप्टनला सांगतील, कॅप्टन ज्या एटीसीच्या हद्दीत असेल तिथे रेडिओवर कळवेल. उतरून दोन दिवसांनी सांगितलं तर फारसं काही होत नाही, तरी विमान कंपनीला ईमेल करा: फ्लाइट नंबर, सीट, डावी खिडकी की उजवी, आणि घड्याळातली वेळ. आधी केबिनमधल्या दिव्याचं प्रतिबिंब नाही ना, हे काचेवर हाताने आडोसा करून पाहून घ्या.